पाय का घसरतो?

(वर्षावास व्याख्यानमालेत संस्थेच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

या व्याख्यानमालेत आपण पंचशीलावर, अष्टांगिक मार्गावर, संविधानावर अभ्यासपूर्ण व्याख्याने ऐकली. आजचा माझा विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू आलेले मला इथून दिसते आहे. विषय आहे फरशी. पायाखालची फरशी आणि तिच्यावरून घसरणारा पाय. मी इंजिनिअर नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत कारकून म्हणून नोकरी करतो. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण आहे. आपल्या कार्यकारिणीने या सभागृहाची जुनी शहाबादी फरशी काढून नवी बसविण्याचे ठरविले आहे. देणग्या जमल्या आहेत. टाइल्सचे नमुने कार्यालयात आणून ठेवले आहेत आणि सर्वांचे मन त्यातल्या सर्वांत चकचकीत नमुन्यावर गेले आहे. माझेही गेले असते. परंतु एक प्रसंग माझ्या हातून असा घडला की, चकचकीत फरशी दिसली म्हणजे मला आता तिचा आकडा विचारावासा वाटतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा ज्या शाखेत होतो तिचे नुकतेच नूतनीकरण झाले होते. काउंटर नवे, खुर्च्या नव्या आणि जमिनीवर दोन बाय दोन फुटांच्या पांढऱ्याशुभ्र टाइल्स. छताचे दिवे खाली आरशासारखे दिसत. आम्हा कर्मचाऱ्यांना त्याचा अभिमान वाटे. श्रावणाचे दिवस होते. निराधार योजनेचे अनुदान जमा झाले होते, म्हणून सकाळपासून म्हाताऱ्या माणसांची रांग होती. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. दारापासून काउंटरपर्यंत ओल्या चपलांचे आणि छत्र्यांचे पाणी सांडलेले. सफाई करणाऱ्या मावशी दर दहा मिनिटांनी फडके मारीत होत्या. परंतु फडकेही ओलेच होते. एक आजी पासबुक पदराखाली धरून आत आल्या. तिसऱ्या की चौथ्या पावलाला त्यांचा पाय पुढे सरकला आणि त्या पडल्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. खुब्याचे हाड मोडले होते.

आम्ही धावलो, त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात पोचविले. ते सर्व केले. परंतु मला लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आजी खाली पडलेल्या असताना माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले, "आजी, जरा बघून चालायचं ना!" आणि आजी काय म्हणाल्या? "चुकलं रं बाबा माझं." संध्याकाळी घटनेची नोंद लिहायची होती. माझे अक्षर बरे, म्हणून ती मी लिहिली. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे आणि सफाई कामगाराने फरशी ओली ठेवल्यामुळे अपघात घडला, असे मी लिहिले. एका ओळीत दोन माणसे दोषी ठरली. दोघीही गरीब, दोघीही बायका. त्या नोंदीत फरशीचा दोष कुठेच नव्हता. मावशी कंत्राटावर होत्या. पुढच्या महिन्यापासून त्या दिसल्या नाहीत. त्या आपल्याच समाजातल्या होत्या. आजी पुन्हा स्वतःच्या पायांनी त्या शाखेत आल्या नाहीत.

मित्रहो, जो धम्म कार्यकारणभाव शिकवितो, त्या धम्माचा मी उपासक. कारण असेल तर परिणाम घडतो आणि कारण दूर केले तर परिणाम थांबतो, हा प्रतीत्यसमुत्पादाचा साधा अर्थ आपण मुलांना सांगतो. मग माणूस पडला की "नशीब" किंवा "वेंधळेपणा" म्हणून आपण मोकळे कसे होतो? त्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस घसरतो, तेव्हा तरी कारण माणसात नाही, जागेत आहे, हे ओळखायला नको का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. यातील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि सर्वाधिक फटका बसतो तो साठीच्या पुढच्या माणसांना. ही सर्वच माणसे फरशीवरून घसरली असे नाही. कोणी जिन्यावरून, कोणी छपरावरून पडले असेल. परंतु पडणे ही किरकोळ बाब नाही, एवढे यावरून निश्चित होते.

आता पाय घसरतो कसा, ते पाहू. चालताना आपली टाच प्रथम टेकते. त्या क्षणी शरीराचे वजन पुढे येत असते. टाच आणि फरशी यांच्यात पुरेसे घर्षण असेल तर पाय जागच्या जागी थांबतो आणि आपण पुढचे पाऊल टाकतो. घर्षण कमी पडले तर टाच पुढे निघून जाते आणि माणूस मागे कोसळतो. कोरड्या फरशीवर, मग ती कितीही गुळगुळीत असो, बहुधा चपलेला पकड मिळते. घात होतो तो पाण्याने. चपलेचा तळ आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा एक पातळ पापुद्रा राहतो आणि तळाचा फरशीला स्पर्शच होत नाही. फरशीला बारीक खरखर असेल, तर त्या खरखरीची टोके पाण्याचा पापुद्रा फोडून वर येतात आणि पकड मिळते. ही खरखर डोळ्यांना दिसेलच असे नाही. ब्रिटनमधील कामगार-सुरक्षा खात्याने साध्या पाण्यासाठी सुमारे २० मायक्रॉनची खरखर पुरेशी धरली आहे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन असते. म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी उंचीच्या खरखरीवर एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा खुबा अवलंबून असतो. तेल पाण्यापेक्षा दाट असते, म्हणून तेलकट जागेला याहून पुष्कळ अधिक खरखर लागते.

आपल्या आजी-आजोबांच्या घरात शेणाने सारवलेली जमीन होती. तिच्यात पोपडे होते, पिसवा होत्या, परंतु तिच्यावरून सहसा कोणी घसरत नसे. पुढे कर्नाटकातील शहाबादची फरशी आली. मोरीला आणि अंगणाला लोक ती न घोटलेली, खडबडीत बाजू वर करून लावीत. मग मोझॅक आले, राजस्थानचा कोटा आला, आणि आता गुजरातेतील मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स खेडोपाडी पोचल्या आहेत. माती, फेल्स्पार आणि गारगोटीची पूड दाबून सुमारे १२०० अंश तापमानाला भाजून या टाइल्स बनवितात. त्या इतक्या घट्ट असतात की वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाहीत. टिकाऊपणाच्या दृष्टीने हा गुणच आहे. परंतु पाणी आत मुरत नाही म्हणजे ते वर राहते, आणि वरचा पृष्ठभाग काचेसारखा घोटलेला असेल तर काय होते ते मी सांगितलेच.

चकाकीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या गावाबाहेर मातीच्या घरात राहावे लागले, त्या समाजाला आरशासारखी फरशी आपल्या विहारात असावी असे वाटणे साहजिक आहे. ती आपल्या कष्टाची आणि स्वाभिमानाची खूण असते. माझे म्हणणे एवढेच की, विहाराची शोभा तिथे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हाडांपेक्षा मोठी नाही.

मग चांगली फरशी ओळखायची कशी? हाताने चोळून किंवा डोळ्यांनी पाहून हे कळत नाही. त्यासाठी जगात मोजण्याच्या पद्धती आहेत. आपल्याच वस्तीतील, स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला त्या समजावून सांगितल्या. विद्यार्थ्यांनी पुढील भाग विशेष लक्ष देऊन ऐकावा.

पहिली पद्धत लंबकाची. एका दांड्याच्या टोकाला रबराचा तुकडा बसविलेला असतो. दांडा वरून सोडला की तो तुकडा ओल्या फरशीला घासून पुढे जातो, जशी आपली टाच घासते तसा. फरशीने त्याला जितके अडविले तितका दांडा पलीकडे कमी उंच जातो आणि काट्यावर आकडा मिळतो. हे यंत्र अमेरिकेत १९४० च्या दशकात तयार झाले आणि ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने ते रस्त्यांसाठी विकसित केले. आकडा ३६ किंवा अधिक असेल तर घसरण्याचा धोका कमी, २५ ते ३५ असेल तर मध्यम आणि २४ किंवा त्याहून कमी असेल तर धोका मोठा, असे ब्रिटनमध्ये मानतात. याचा मोठा फायदा असा की, हे यंत्र उचलून कोठेही नेता येते. बसविलेल्या, वापरून झिजलेल्या फरशीचीही तपासणी होते.

दुसरी पद्धत जर्मनीतील उताराची. तिचे मूळ मानक डीआयएन ५११३० हे होते. फरशी एका हलत्या फळीवर बसवितात आणि तिच्यावर मोटारीचे तेल ओततात. ठराविक तळाचे बूट घातलेला माणूस, कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधून, तिच्यावर पुढे-मागे चालतो. फळीचा उतार हळूहळू वाढवितात. ज्या अंशाला त्याचा पाय घसरतो, त्यावरून वर्ग ठरतो. ६ ते १० अंश म्हणजे आर ९, १० ते १९ म्हणजे आर १०, १९ ते २७ म्हणजे आर ११, २७ ते ३५ म्हणजे आर १२ आणि ३५ च्या वर आर १३. जर्मनीत खाणावळीच्या मोठ्या स्वयंपाकघराला आर १२ आणि कत्तलखान्याला आर १३ अशी अपेक्षा असते. दुकानाला एक, स्वयंपाकघराला दुसरी, अशी कामाप्रमाणे फरशी तिथे ठरते. आपल्याकडे मात्र जी दिवाणखान्याला तीच न्हाणीघराच्या दारात, तीच पायरीला आणि तीच बँकेला.

इथे एक फसगत होते, ती सांगणे माझे कर्तव्य आहे. एका दुकानदाराने मला एक टाइल दाखवून सांगितले, "साहेब, ही अँटी-स्किड आहे, आर नऊ!" तेरापैकी नऊ म्हणजे पहिला वर्ग, असे मी बँकेतल्या माणसासारखे मनात गणित केले. वस्तुतः आर १ ते आर ८ असे वर्गच नाहीत. मोजणी नऊपासून सुरू होते. म्हणजे आर ९ हा सर्वांत खालचा वर्ग आहे. तो दुकानदार फसवीत होता असे मी म्हणणार नाही. त्यालाही कोणी सांगितले नसावे. परंतु अज्ञान दोन्ही बाजूंना असले की भुर्दंड तिसऱ्याच माणसाला बसतो.

तिसरी पद्धत अनवाणी पायांची. तिचे मूळ मानक डीआयएन ५१०९७ हे होते. इथे तेलाऐवजी साबणाचे पाणी आणि बुटांऐवजी उघडे पाय असतात. १२ अंशांपासून ए, १८ पासून बी आणि २४ पासून सी, असे चढते वर्ग आहेत. तिकडे हे पोहण्याच्या तलावांसाठी आणि न्हाणीघरांसाठी वापरतात. परंतु बंधुभगिनींनो, आपल्या देशात अनवाणी चालण्याची जागा म्हणजे केवळ न्हाणीघर नव्हे. आपल्याच जिल्ह्यात शिर्डीला, शनिशिंगणापूरला रोज किती माणसे अनवाणी चालतात! आपण विहारात येताना चपला बाहेर काढतो. म्हणून बुटांसाठी काढलेला आर हा आकडा आपल्या विहाराला पुरेसा नाही. आपण विचारायला हवे ते अनवाणी पायांच्या वर्गाबद्दल.

अमेरिकेत आणखी एक आकडा आहे, ०.४२. याचा अर्थ असा. दहा किलोचे पोते सरकत असताना त्याला तसेच सरकते ठेवण्यासाठी जितका जोर लागतो, त्याला दहाने भागले की घर्षणाचा गुणांक मिळतो. सपाट, आतल्या जागेतील, ओली होऊ शकणाऱ्या फरशीचा हा गुणांक ओल्या अवस्थेत किमान ०.४२ असावा, असे तिथले सिरॅमिक टाइल्सचे मानक २०१२ पासून सांगते. त्यापूर्वी तिथे पोते प्रथम हलविण्यासाठी लागणारा जोर मोजत आणि ०.६० हा आकडा धरीत. त्या पद्धतीत कधी कधी ओली गुळगुळीत फरशीसुद्धा सुरक्षित ठरे, म्हणून ती पद्धत २०१४ मध्ये मागे घेण्यात आली. शास्त्र आपली चूक मान्य करून पद्धत बदलते, हे विद्यार्थ्यांनी यातून घ्यावे.

भारतात १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो हे काम पाहते. दाबून बनविलेल्या सिरॅमिक टाइल्ससाठी आयएस १५६२२ हे मानक आहे. पाणी किती शोषले जाते, टाइल किती वजनाला मोडते, किती झिजते, हे त्यात पाहिले जाते. टाइल घेताना हे चिन्ह जरूर पाहावे. परंतु चिन्ह दिसले म्हणजे काम संपले असे समजू नये. कंपनीचा तपासणी अहवाल मागावा आणि त्यात घसरणीची ओळ कोणती, आकडा कोणता आणि तो ओल्या अवस्थेतील की कोरड्या, हे वाचावे. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी बारीक अक्षरे वाचा, असे मी तुम्हाला काउंटरवरून नेहमी सांगतो. तोच नियम इथे लागू आहे.

कोणी म्हणेल, हे सर्व परदेशी कौतुक आहे. तसे नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या पाचव्या खंधकात याच विषयाची हकीकत आहे. भिक्खूंच्या जंताघरात, म्हणजे उष्ण स्नानगृहात, चिखल होऊ लागला. तेव्हा भगवंतांनी वीट, दगड किंवा लाकूड यांपैकी कशाचीही फरशी करण्यास अनुमती दिली. पाणी साचू लागले, तेव्हा ते वाहून जाण्यासाठी गटार करण्यास अनुमती दिली. पायऱ्या चढताना भिक्खू पडू लागले, तेव्हा कठडा बसविण्यास अनुमती दिली. चंक्रमणाची वाट खडबडीत होती आणि भिक्खूंचे पाय दुखू लागले, तेव्हा ती सपाट करण्यास सांगितले. त्या वाटेवरूनही भिक्खू पडत, तेव्हा तिलाही कठडा झाला. उपासकहो, यातील क्रम लक्षात घ्या. भिक्खू पडले म्हणून भगवंतांनी "सावध चाला" असा उपदेश करून विषय संपविला नाही. जे सदैव स्मृती आणि सावधानता शिकवीत होते, त्यांनीसुद्धा पायरीला कठडा लावला! मी मात्र आजींना उपदेश केला.

फरशी, गटार आणि कठडा या तीनही गोष्टी आपल्या देशाच्या कायद्यातही आल्या. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ११ खाली ओल्या होणाऱ्या फरशीला पाण्याचा निचरा आणि कलम ३२ खाली फरशा, पायऱ्या व वाटा भक्कम ठेवणे, त्यांवर घसरविणारे पदार्थ राहू न देणे व गरजेप्रमाणे कठडे बसविणे, ही जबाबदारी मालकावर टाकलेली होती. जबाबदारी मालकावर होती, पडणाऱ्या कामगारावर नव्हे, हे महत्त्वाचे. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांत आणि दूध संघांत ज्यांनी मळीने व दुधाने निसरड्या झालेल्या फरशांवर उभ्या आयुष्याची नोकरी केली, अशी कितीतरी माणसे या सभागृहात बसली आहेत. त्यांना हे निराळे सांगायला नको. हा कायदा सामावून घेणारी नवी संहिता संसदेने २०२० मध्ये मंजूर केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येण्याजोग्या असाव्यात असे ठरविले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, यासंबंधीचे नियम केवळ शिफारशी म्हणून न राहता बंधनकारक असले पाहिजेत.

सार्वजनिक जागा सर्वांना खुली असावी यासाठी आपल्या समाजाने केवढा लढा दिला! १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला; पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असे त्यात होते. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. कागदावरचा हक्क प्रत्यक्ष पाय ठेवल्याशिवाय हक्क होत नाही, हा महाडचा धडा आहे. आज बँकेचे दार आजींसाठी उघडे आहे. परंतु दारातून आत आल्यावर चौथ्या पावलाला त्या पडत असतील, तर ते दार त्यांच्यासाठी पुरते उघडले असे म्हणता येणार नाही.

आता आपल्या सभागृहाकडे वळू. इथे फरशीवर काय काय सांडते याचा मी या वर्षावासात विचार केला. पावसाळ्यात छत्र्यांचे आणि पायांचे पाणी, बुद्धपौर्णिमेची खीर, भीमजयंतीच्या जेवणात रश्श्याचे तेल, वंदनेच्या वेळी मेणबत्त्यांचे मेण आणि चुरगळलेल्या फुलांच्या पाकळ्या. मेण तर सर्वांत वाईट, कारण ते दिसत नाही आणि पाण्याने निघत नाही. आणि चालते कोण? अनवाणी पायांची म्हातारी माणसे, गुडघे दुखणाऱ्या उपासिका आणि धावणारी मुले.

म्हणून कार्यकारिणीला माझी नम्र सूचना अशी. एक, संपूर्ण सभागृहाला एकच फरशी नको. मधल्या कोरड्या भागात मॅट टाइल चालेल. परंतु प्रवेशद्वार, पाय धुण्याची जागा, जेवणाचे वाढप आणि मेणबत्त्या लावण्याची जागा इथे अधिक पकडीची टाइल हवी. दोन, उताराच्या वाटेला, जिथून चाकाची खुर्ची येते, तिथे चकचकीत टाइल अजिबात नको. बारास एक असा उतार म्हणजे जवळजवळ पाच अंश होतात. तेवढी पकड आधीच कमी झालेली असते. तीन, पायऱ्यांना कठडा दोन्ही बाजूंनी हवा आणि पायरीची कड निराळ्या रंगाची हवी. चार, दारात भरपूर लांबीचे पायपुसणे हवे, म्हणजे चार-पाच पावले त्याच्यावर पडून पाणी तिथेच राहील. पाच, जुनी शहाबादी फेकू नये. जे तुकडे अजून खरखरीत आहेत ते पाय धुण्याच्या जागेला लावावेत. पैसेही वाचतील.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फार खडबडीत फरशीत मळ बसतो, ती घासायला कष्ट पडतात, आणि पाय ओढत चालणाऱ्या वृद्धांचा अंगठा अडकतो. तेव्हा खडबडीतपणाचाही अतिरेक नको. इथेही मध्यम मार्गच बरा. शिवाय फरशी बसविली की जबाबदारी संपत नाही. साबण किंवा फिनेल धुऊन न काढता ठेवले तर चांगली फरशीही निसरडी होते. पॉलिश मारले तर विकत घेतलेली पकड आपणच पुसून टाकतो. जिथे ओले पुसले तिथे लगेच कोरड्या फडक्याने पुसावे, तोवर ती जागा अडवून ठेवावी. आणि हे करण्यासाठी सफाई करणाऱ्या माणसाला दोन फडकी, पुरेसा वेळ आणि योग्य वेतन द्यावे. ओल्या फडक्याने घाईघाईत पुसायला लावायचे आणि कोणी पडले की तिलाच जबाबदार धरायचे, हा अन्याय निदान आपल्या संस्थेत होऊ नये.

विद्यार्थी मित्रांकडून मला एक काम हवे आहे. आपण कार्यालयात एक नोंदवही ठेवू. सभागृहात कोणी पडले, किंवा पडता पडता वाचले, तरी तिच्यात नोंद करायची. तारीख, जागा, फरशी ओली होती की कोरडी, तिच्यावर काय सांडले होते, पायात काय होते, उजेड किती होता. कारणाच्या रकान्यात नुसते "निष्काळजीपणा" असे लिहून चालणार नाही, असा नियम करू. वर्षभरात तीच जागा तीन वेळा आली, तर तिथली फरशी बदलायची. पडणाऱ्याला दोष न देता कारण शोधणारी ही वही म्हणजेही धम्माचाच अभ्यास आहे, असे मी मानतो.

त्या शाखेतील नोंद मी आता बदलू शकत नाही. ती कोठल्यातरी कपाटात माझ्या अक्षरात पडून असेल. त्या आजींना भेटून मी माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुझा काय दोष?" परंतु दोष होता. मला कारण ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसताना मी ते लिहून टाकले. आता आपल्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही, कारण आपण सर्वांनी ते आज ऐकले आहे. कार्यालयातील नमुन्यांपुढे उभे राहाल तेव्हा रंगाआधी आकडा विचारा, एवढीच विनंती करून मी थांबतो.

नमो बुद्धाय! जयभीम!